घरी शिकणाऱ्या मुलांची संसद

विंचूरच्या उपबाजार आवारात कांद्याचा लिलाव असेल त्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगेकडे जरा निरखून पाहा. ट्रॉलीवर एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बसलेला दिसेल. शाळा नववीत सुटलेली, पण शिक्षण सोडलेले नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून तो दहावीला बसणार असतो आणि रात्री घरी पुस्तके वाचत असतो. अशाच घरी राहून शिकणाऱ्या मुलीही गावोगाव आहेत. पुण्या-मुंबईकडे तर काही आईबाप हौसेने मुलांना घरीच शिकवतात व मुक्त विद्यालयाच्या परीक्षांना बसवतात. कारणे निरनिराळी, पण अडचण एकच. गणित, इतिहास घरी शिकता येतो. नागरिकशास्त्र मात्र एकट्याने कसे शिकावे? सभा म्हटली की चार माणसे हवीत, आणि त्या चौघांचे मत एक नसावे!

त्यावर एक उपाय आहे, तो म्हणजे युवा संसद. ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९६२ साली मुंबईत प्रतोदांची अखिल भारतीय परिषद भरली होती. प्रतोद म्हणजे सभागृहात आपापल्या पक्षाची माणसे हजर ठेवणारे. शाळा-महाविद्यालयांत नकली संसद भरवावी, अशी शिफारस त्या परिषदेने केली. १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाल्या. पुढे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि विद्यापीठे त्यांत आली. घरी शिकणारी मुले मात्र बरीच वर्षे बाहेरच राहिली, कारण नाव नोंदवायला शाळा लागे. आता संसदीय कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय युवा संसद योजनेत नागरिकांच्या गटालाही भाग घेता येतो. तरी गुरुजी, माझे म्हणणे असे की नोंदणीसाठी अडून बसू नका. देवळाचा सभामंडप आणि पंधरा-वीस मुले एवढ्यावर काम भागते.

विषय कोणता घ्यावा? लांब कशाला जायचे! कांदाच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. आपल्या जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी ती अटींसह खुली झाली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ ला ते उठले. या तारखा इकडच्या मुलांना पाठ करायला लागत नाहीत. घरातल्या जमाखर्चावरून त्या त्यांना ठाऊक असतात.

आता खरी गंमत येथे आहे. सरकारच्या बाजूला कोणाला बसवायचे? ज्याच्या घरी सर्वांत जास्त कांदा पिकतो, त्यालाच ग्राहक व्यवहार मंत्री करा! तो कुरकुरेल. म्हणेल, "मी कसं बंदीच्या बाजूनं बोलू?" बोलू द्या. मुंबईच्या चाळीत राहणारी बाई महिन्याला किती कांदा घेते, भाव दुप्पट झाल्यावर तिच्या घरात काय होते, हे त्याला शोधून आणावे लागेल. त्याचे मत बदलले नाही तरी चालेल. पण समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडता येणे, ही गोष्ट पुस्तकातून येत नाही. आणि ज्या मुलाला वर्गात उलट बाजू कधी ऐकायलाच मिळत नाही, त्याला तर तिची गरज अधिक.

पद्धत सोपी आहे. लोकसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. प्रश्न निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे मंत्र्याला माहिती गोळा करता येते. तुम्हीही मुलांकडून चिठ्ठ्या दोन आठवडे आधी घ्या. उपप्रश्न मात्र आधी सांगायचा नाही. कोणाचा अभ्यास पक्का आहे हे तेथेच कळते. शेवटी ठराव मांडावा, मत घ्यावे, "होय" आणि "नाही" मोजावेत. मते समसमान पडली तरच अध्यक्षाने आपले मत द्यावे, एरवी नाही.

एक नियम काटेकोर पाळा. जे बोलायचे ते अध्यक्षांना उद्देशून. "तू खोटं बोलतोस" असे नव्हे, तर "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी दिलेला आकडा बरोबर नाही." ऐकायला हे नाटकी वाटते खरे. पण राग आला असता माणूस एवढे वाक्य जुळवू लागला की अर्धा राग तेथेच उतरतो! आणि मुलींना मागच्या रांगेत बसवून टाळ्या वाजवायला लावू नका. अध्यक्षपद मुलीकडे द्या, म्हणजे बोलणाऱ्या प्रत्येकाला तिची परवानगी घ्यावी लागेल.

गणपूर्तीचा हिशेबही मुलांकडूनच करून घ्यावा. लोकसभेत ती एकूण सदस्यांच्या एक दशांश असते. त्या मापाने तुमच्या वीस मुलांच्या सभेत दोघे आले की काम सुरू! ग्रामसभेला मात्र मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. विंचूरसारख्या मोठ्या गावाला म्हणजे शंभर माणसे. तेवढी जमतात का, हे मुलांनी पुढच्या ग्रामसभेला कडेला बसून मोजावे. मतदार यादीत नाव नसल्याने त्यांना मत देता येणार नाही. ऐकायला कोणाची हरकत नसावी. १९८९ पासून मताचे वय अठरा आहे. म्हणजे आज सोळाव्या वर्षी कडेला बसून मोजणारी मुलगी दोनच वर्षांनी त्या शंभरांत धरली जाईल आणि उठून प्रश्न विचारील.