पोटातली वाट (७) : लहान आतडं आणि बेतवाकाठची पटकी

मागच्या आठवड्यात जठरात घुसळून निघालेलं अन्न आता लहान आतड्यात उतरलं आहे. सुमारे सहा मीटर लांबीच्या या नळीत पचन पुरं होतं, हे शाळेत शिकवतात. पाण्याचा हिशेब मात्र सहसा कोणी सांगत नाही. खाण्यापिण्यातून दोन लिटर आणि लाळ, जठररस, पित्त अशा पाचक रसांचे सातेक लिटर, म्हणजे रोज जवळजवळ नऊ लिटर पाणी आतड्यात येतं. मलावाटे बाहेर पडतं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकीचं सगळं रक्तात परत जातं, आणि तेही बहुतांशी लहान आतड्यातूनच. हा हिशेब बिघडला की जुलाब लागतात.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, हा हिशेब कसा बिघडतो ते पाहायला बुंदेलखंडात जाऊ. झाशी-कानपूर रस्त्यावरचं चिरगाव हे कवी मैथिलीशरण गुप्तांचं गाव. त्याच्या जवळून जाणारी बेतवा पुढे एरचला पोचते. नोव्हेंबर १८१७ मध्ये, इकडे खडकीची लढाई झाली त्याच महिन्यात, शिंद्यांवर दाब ठेवायला आलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेचा तळ बुंदेलखंडात सिंध नदीकाठी पडला होता. त्या तळात पटकी शिरली. शिपाई शेकड्यांनी गेले आणि फौजेमागून चालणारे बाजारबुणगे हजारोंनी. त्या गरिबांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, याची मला फार खंत वाटते. फौज बेतवाकाठी एरचजवळच्या उंच, कोरड्या जागेवर हलली आणि साथ ओसरली. त्या काळी श्रेय हवेला मिळालं. पटकी पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये मांडलं ते १८४९ मध्ये.

पटकीचा जंतू आतड्याला भोक पाडत नाही. तो एक विष सोडतो. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये ते दाखवून दिलं. या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि क्षारांमागोमाग पाणी जातं. माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यामुळे. आणि अशा रोग्याचं हेस्टिंग्जच्या काळी डॉक्टर रक्त काढत, वर पाऱ्याची औषधं देत!

या विषाला आतड्याची एक वाट बंद करता येत नाही. साखर आणि मीठ बरोबर आले, तर पेशी दोन्ही आत घेतात, आणि त्यांच्याबरोबर पाणीही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांतून पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं.

तरीही ‘जुलाब लागलेत, पाणी देऊ नका’ असं घराघरांतून अजून ऐकू येतं. कृपा करून हे ऐकू नका. ओआरएसची, म्हणजे याच साखर-मिठाच्या मिश्रणाची, मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, अर्धी पुडी पेल्यात नको. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्तावलं किंवा शौचातून रक्त पडलं, तर लगेच दवाखाना गाठा, आणि वाटेतही पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा.