धन्याचा हिशेब आणि चालकाची बैठक

मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर ही गावे मागे टाकीत जो मालट्रक मध्यरात्रीच्या सुमारास बिजासन घाटाच्या पायथ्याशी येऊन ठेपतो, तो कोणत्या कारखान्याचा आहे हे त्याच्या मालकाला खरेदीच्या दस्तऐवजावरून ठाऊक असते; पण तो कसा आहे हे मात्र, ज्याची पोटरी क्लच दाबून दाबून भरून आली आहे आणि ज्याच्या कण्याने वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची नोंद घेतली आहे, त्या चालकालाच ठाऊक असते. आपल्याकडे बहुधा ट्रक एकाने विकत घ्यावयाचा आणि दुसऱ्याने पगारावर हाकावयाचा अशी वहिवाट असल्यामुळे, निरनिराळ्या गाड्यांची तुलना करताना ॲव्हरेज, बँकेचा हप्ता, टायरांची झीज आणि सुट्या भागांची उपलब्धता या चार कलमांचाच अंमल आजवर चालत आला. ही कलमे खोटी नव्हेत. परंतु हजार-दीड हजार किलोमीटरची खेप करणाऱ्या माणसाची बैठक, त्याची झोप आणि उतारावर त्याच्या पायाखाली असणारा भरवसा यांच्यासाठी त्या खतावणीत रकानाच ठेवलेला नव्हता. आपल्या रस्त्यांवरील प्रमुख घराण्यांचा परिचय मला करून द्यावयाचा आहे तो या गाळलेल्या रकान्याच्या अनुरोधाने.

आरंभ टाटांपासून करणेच योग्य, कारण उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कोणत्याही ढाब्याच्या अंगणात नजर टाकली तरी तीच मुद्रा प्रथम दिसते. रेल्वेची एंजिने घडविण्यासाठी १९४५ साली स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूर येथे ट्रक बांधावयास प्रारंभ केला, आणि १९६९ साली तो करार संपला तेव्हा गाडीच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तेथे ‘टी’ हे अक्षर आले. परक्याचा आराखडा हाती असताना त्यावर समाधान न मानता त्यातील प्रत्येक भाग येथेच घडविता आला पाहिजे, असा आग्रह ज्यांनी धरला त्या सुमंत मुळगावकरांचे नाव मराठी वाचकाने कृतज्ञतेने घ्यावयास हवे. पुण्याजवळच्या माळावर १९६६ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कारखान्यात त्यांनी गाडीच्या आधी हत्यारे, साचे आणि शिकाऊ कामगारांचे शिक्षण यांची तजवीज केली. या आग्रहाचे फळ चालकाला मिळाले ते असे, की गोल नाकाची १२१० किंवा तिच्यामागून आलेली १६१२ ही गाडी कोणत्याही तालुक्याच्या गावी बंद पडली तरी तिची नाडी ओळखणारा मिस्त्री आणि तिला बसणारा सुटा भाग तेथे सापडे. परक्या मुलुखात रात्री दोन वाजता, ताडपत्रीखाली दुसऱ्याचा लाखोंचा माल असताना, रस्त्याच्या कडेला एकटा उभा राहिलेला माणूस या एका गुणासाठी गाडीचे दहा दोष पोटात घालतो, आणि ते मला सर्वथा न्याय्य वाटते.

परंतु दोष होतेच. त्या काळी कारखान्यातून पुष्कळदा सांगाडा, एंजिन आणि पुढचा पत्र्याचा दर्शनी भाग एवढेच बाहेर पडे. त्यावर केबिन आणि हौदा चढविण्याचे काम तमिळनाडूतील नामक्कलपासून पंजाबातील सरहिंदपर्यंत पसरलेले सुतार-लोहार करीत. त्यांच्या हातच्या लाकडी केबिनींना आरसे, झालरी आणि वेलबुट्टी यांची जी हौस लाभली ती कोणत्याही कारखान्याला साधलेली नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तथापि अपघातात ते लाकूड चालकाचे रक्षण करण्यास असमर्थ होते. आणि एंजिनाचा मागचा भाग केबिनीत शिरलेला असल्यामुळे, त्यावर कितीही गोधड्या घातल्या तरी खानदेशच्या उन्हाळ्यात चालकाचा डावा पाय भाजून निघे. मालकाच्या हिशेबात त्या पायाची किंमत शून्य होती.

दुसरे घराणे दक्षिणेचे. १९४८ साली रघुनंदन सरन यांनी मद्रासमध्ये ऑस्टिन मोटारींची जुळणी करण्यासाठी काढलेल्या अशोक मोटर्सने लवकरच इंग्लंडच्या लेलँडशी संबंध जोडला, एन्नोर येथे कॉमेट ट्रक बांधावयास घेतले आणि १९५५ साली अशोक लेलँड हे नाव धारण केले. भंडाऱ्याजवळ गडेगावला त्यांचा गिअरबॉक्सचा कारखाना असल्याने विदर्भालाही हे नाव परके नाही. लेलँडच्या एंजिनाची ओढ संथ पण न थकणारी, अशी तिची ख्याती जुन्या चालकांत आहे. पण माझ्या लेखी या घराण्याचे मोठे उपकार निराळेच आहेत. १९६९ साली त्यांनी या देशात मालगाड्यांसाठी पॉवर स्टिअरिंग आणले. दहा-बारा टनांची भरलेली गाडी नुसत्या दंडांच्या बळावर घाटाच्या वळणात वळविणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्याला कळेल, की चालकाच्या शरीराची दखल घेणारी ही सुधारणा एखाद्या कायद्याइतकी महत्त्वाची होती. तो कायदाही होताच. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घालून दिली. मात्र लांब पल्ल्याच्या रस्त्यावर तिचा अंमल शोधूनही सापडत नाही.

गाडीच्या नावातले आकडे वाचता आले तर बरेच गूढ उकलते. टाटांच्या १६१२ मध्ये सोळा म्हणजे मालासकट एकूण टन आणि बारा म्हणजे एकशेवीस अश्वशक्ती. म्हणजे दर टनाला साडेसात अश्वशक्ती. जुलै २०१८ मध्ये सरकारने आसांवरील वजनाची मर्यादा वाढविली, दोन आसांची गाडी १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि मोठा ट्रेलर ४९ वरून ५५ टनांवर गेला, आणि त्यातून ५५३० सारखी नावे अवतरली. पंचावन्न टनांना तीनशे अश्वशक्ती, म्हणजे दर टनाला सुमारे साडेपाचच. आजच्या एंजिनांचा पीळ (टॉर्क) मोठा आणि गिअर पुष्कळ, त्यामुळे गाडी अडत नाही हे खरे; पण युरोपात चाळीस टनांच्या ट्रेलरला साडेचारशे-पाचशे अश्वशक्ती सर्रास जोडतात, ही गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन निघालेला आपला चालक कसाऱ्याची चढण माणसाच्या चालीने का चढतो याचा उलगडा होतो. एंजिन लहान ठेवण्याचे कारण अर्थात डिझेल. महिन्याला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीने लिटरला साडेतीनऐवजी चार किलोमीटर दिले तर साडेतीनशेहून अधिक लिटर डिझेल वाचते. आणि एक-दोन गाड्यांच्या धन्याचा हप्ता कित्येकदा या बचतीवरच फिटतो. महिंद्रांनी २०१६ साली चाकणच्या कारखान्यातून ब्लाझो ही गाडी बाजारात आणताना ‘अधिक ॲव्हरेज मिळाले नाही तर गाडी परत द्या’ अशी हमी दिली होती. ग्राहकाच्या मनातील पहिले कलम कोणते याची त्यांना पूर्ण जाण होती.

चढणीवर केवळ वेळ जातो. जीव जातो तो उतारावर. चालकांच्या भाषेत गाडीला चढावर ‘दम’ हवा आणि उतारावर ‘पकड’. आणि पकडीचा कस बोरघाटात किंवा बिजासनच्या वळणांत लागतो, जेथे पायाचा ब्रेक वारंवार दाबल्याने ड्रम तापतात, लायनरची धर सुटते, आणि पाय खाली जाऊनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून उतारावर गाडी मोकळी सोडण्याची जी घातकी सवय आहे, तिच्यात एंजिनाचा स्वाभाविक अडसरच नाहीसा होतो. त्यातून एंजिन बंद केले तर ब्रेकसाठी हवा भरणारा काँप्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. या सवयीबद्दल चालकाला दोष देणे सोपे आहे. पण ज्याचा भत्ता डिझेलच्या हिशेबावर बेतलेला आहे त्याच्या हातून दुसरे काय घडावे? म्हणून ज्या गाडीचा एक्झॉस्ट ब्रेक समर्थ, किंवा जिला एंजिनाच्या आतूनच वेग रोखणारी यंत्रणा दिलेली आहे, ती गाडी मी निःसंकोचपणे वरच्या श्रेणीत बसवितो, मग ती लिटरमागे पाव किलोमीटर कमी का देईना.

चालकाच्या सोयीच्या बाबतीत आपल्या डोळ्यांत अंजन घातले ते व्होल्वोने. १९९८ साली बेंगळूरुजवळ होसकोटे येथे या स्वीडिश कंपनीने चारशेहून अधिक अश्वशक्तीचे, वातानुकूलित केबिनीचे ट्रॅक्टर बांधावयास घेतले तेव्हा त्यांची किंमत ऐकूनच सामान्य मालक मागे सरला. पण बैठक हवेवर तोललेली असू शकते आणि चालकाला पाठ टेकण्यासाठी खरोखरीचा बिछाना असू शकतो, हे त्या गाड्यांनी प्रत्यक्ष दाखविले. पुढे २००८ साली आयशरशी भागीदारी झाल्यावर हेच तंत्र पिथमपूरच्या मार्गाने अधिक परवडणाऱ्या गाड्यांत उतरू लागले. टाटांनी कोरियातील देवूचा ट्रक-कारखाना २००४ साली घेतल्यानंतर २००९ मध्ये प्रायमा आणली. आणि एकेकाळी टाटांचा हात धरून आलेल्या डाइमलरने २०१२ साली चेन्नईजवळ ओरगडम येथे स्वतंत्र कारखाना काढून भारतबेंझ हे नवे नाव लावले. भक्कम केबिन, हलके स्टिअरिंग आणि आवाजाचा संयम यांसाठी भारतबेंझचे चालक तिची मनापासून स्तुती करतात. मात्र इतक्या तरुण घराण्याच्या कार्यशाळांचे जाळे टाटांइतके दाट असणे संभवत नव्हते, आणि दूरच्या आडवाटेचे भाडे उचलणारा चालक ही गोष्ट विसरत नाही.

एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत-६ या मानकाने सर्वच नव्या गाड्या संगणकाच्या हाती गेल्या आहेत. धुरातील विष मारण्यासाठी स्वतंत्र टाकीत युरियाचे पाणी घालावे लागते आणि ते संपले की गाडी स्वतःहून आपली शक्ती आवरते. रस्त्याकडेच्या मिस्त्रीची विद्या त्यामुळे कुंठित झाली आहे, आणि टाटांच्या त्या जुन्या गुणाचे वजनही काही अंशी घटले आहे. मला सक्तीने निवड करावयास लावली तर घाटाच्या रस्त्याला भारतबेंझ किंवा प्रायमा, दक्षिणेच्या लांब सपाट खेपांना लेलँड, आणि जेथे पुढच्या गावाचे नावही ठाऊक नाही अशा मुलुखात जुनी, साधी टाटा, असे मी सांगेन.

२०२५ सालापासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांच्या केबिनी वातानुकूलित असल्याच पाहिजेत असा सरकारी हुकूम आहे. गाळलेला रकाना अखेर कायद्याने आखला गेला, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्यापूर्वी बांधलेल्या असंख्य गाड्या अजून कित्येक वर्षे धावणार आहेत. आणि वैशाखातल्या दुपारी शिरपूरच्या अलीकडे रस्त्यालगत थांबलात तर, केबिनीत बसवेना म्हणून सांगाड्याला झोळी बांधून, दोन आसांमधल्या हातभर सावलीत निजलेला चालक आणि उशाशी पाण्याची बाटली घेऊन जागा राहिलेला त्याचा क्लीनर तुम्हांला आजही दिसेल.