वावडिंग फोडून पाहावे

तान्ह्या बाळाला वावडिंगाचे पाणी देण्याची रीत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. देवगाव फाट्यावरच्या किराणा दुकानातून आलेली पुडी आजी निर्धास्तपणे उकळत्या पाण्यात सोडते. त्यातला दाणा कोणत्या झाडाचा, हा प्रश्न तिला पडत नाही; घाऊक बाजारातून पोते उचलणाऱ्या दुकानदारालाही तो क्वचितच पडतो.

बी म्हणून विकले जाणारे वावडिंग हे वस्तुतः वाळलेले फळ आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने विडंग म्हणून मान्य केलेली वनस्पती एकच, एम्बेलिया राइब्स. सह्याद्रीच्या दमट रानांतली ही वेल आता विरळ झाली आहे. त्यामुळे बाजारात तिच्या नावावर बहुधा तिची बहीण, एम्बेलिया त्सेरियम-कोट्टम, खपते. एम्बेलिन हे द्रव्य दोघींतही असल्याने अनेक वैद्य हा बदल चालवून घेतात. खरी फसगत होते ती अटकीमुळे. मेसा इंडिका नावाच्या या झुडपाची बारीक गोल फळेही वावडिंग म्हणूनच पोत्यात येतात.

पारख मात्र सोपी आहे. दहा-वीस दाणे पांढऱ्या कागदावर फोडावेत. एम्बेलियाच्या फळात एकच बी निघते, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली. अटकीच्या फळात बारीक बियांचा चुरा दिसतो. मग भिंग घ्यावे. राइब्सची साल खरखरीत, पुटकुळ्यांची. बहिणीच्या सालीवर उभ्या रेघा. प्रयोगशाळेत विडंगाच्या अर्कात कॉस्टिक सोडा घालून जांभळा रंग पाहतात, पण तो एम्बेलिनचा. त्यावरून दोन बहिणी वेगळ्या करता येत नाहीत.

काळ्या जिऱ्याचा घोटाळा तर निव्वळ नावाचा. ते मागितले की कोणी शहाजिरे देतो, कोणी कलौंजी, कोणी कडू जिरे. शहाजिरे कोथिंबिरीच्या कुळातले, कडू जिरे सूर्यफुलाच्या. एक मसाल्याचे, दुसरे जंतांवरचे औषध!

तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार गणला आहे. नकळत झालेली अदलाबदल त्यात मोडते काय, हे पंडितांनी ठरवावे. बिल फाडण्यापूर्वी चार दाणे फोडणे तर आपल्याच हाती आहे.

शंका उरली तर पुण्याच्या, 1946 साली स्थापन झालेल्या, आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी वनस्पती ओळखून मिळते. मात्र नुसते दाणे पाठवून भागत नाही. माल गोळा करणाऱ्याकडून फुलोऱ्यासह वाळवलेली डहाळी मागवावी: राइब्सचा फुलोरा फांदीच्या शेंड्याला येतो, बहिणीचा पानांच्या बगलेत.