गाळ, मळी आणि शौच

'डिफेकेट' हे इंग्रजी क्रियापद आज डॉक्टरांच्या तोंडी आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकांत मलविसर्जन या एकाच अर्थाने वावरत असले, तरी त्याचे कूळ शोधू जाता आपण शौचकूपाशी नव्हे, तर प्राचीन रोममधील द्राक्षमद्याच्या रांजणाशी जाऊन पोहोचतो. मद्य मुरत ठेवले म्हणजे तळाशी जो गाळ साचतो, त्याला लॅटिनमध्ये 'फेक्स' म्हणत आणि तो गाळ वेगळा करून मद्य निवळ करणे म्हणजे 'देफेकारे'. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत उतरला तो याच शुद्धीच्या अर्थाने. रॉबर्ट बर्टन या पंडिताने १६२१ साली प्रसिद्ध केलेल्या विषादरोगावरील ग्रंथात, उकळल्याने पाणी निवळते हे सांगताना, हेच क्रियापद योजिले आहे. देहधर्माचा अर्थ रूढ झाला तो पुढे, एकोणिसाव्या शतकात.

मूळ अर्थ मात्र साखरेच्या धंद्यात अद्याप नांदतो आहे. उसाच्या रसात चुन्याची निवळी घालून तो तापविला असता अशुद्ध द्रव्ये साकळून खाली बसतात, या क्रियेला साखरतज्ज्ञ 'डिफेकेशन' असेच म्हणतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात चुलवाणावरच्या काहिलीतील रस तापू लागला, की त्यात भेंडीचा चिकट रस सोडतात. काळपट फेस वर येतो, आणि गुळव्या तो झाऱ्याने काढीत असता खालचा रस डोळ्यांदेखत उजळत जातो. त्या फेसाला आपण 'मळी' म्हणतो, आणि मळी व वैद्यांचा 'मल' ही एकाच संस्कृत शब्दाची लेकरे होत.

आपल्या भाषेचे सौजन्य तर याहून पुढचे आहे. 'शौच' हा शब्द 'शुचि' या विशेषणापासून सिद्ध झाला. म्हणजे या कृतीला आपण बाहेर टाकलेल्या घाणीचे नव्हे, तर मागे उरणाऱ्या शुचितेचे नाव दिले. फारसीतून आलेला 'जुलाब' हाही मूळचा 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणीच!

आणि तरीही कित्येक वडीलधारी माणसे दवाखान्यात शौचाविषयीच्या प्रश्नापाशी अडखळतात, नजर खाली घालतात आणि महिनोन्‌महिन्यांची व्यथा मनातच ठेवून घरी परततात. वाचकहो, डॉक्टरांनी विचारले असता संकोच करू नका. कधीपासून, किती वेळा, रक्त पडते काय, हे सारे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.