विश्लेषण : ऑलिव्हसारखे तेल देणारी करडई… गुण भारतीय बियाण्यातला, मग शेतात का दिसत नाही?

ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी पट्टे पेरले की जनावरे आत शिरत नाहीत आणि घरचे तेलही निघते, ही सोलापूर-मराठवाड्याकडची जुनी रीत. महाराष्ट्रात एकेकाळी लाखो हेक्टरवर असलेले हे पीक आता आक्रसले आहे. मात्र तेलाची घडण बदलून ते अधिक टिकाऊ आणि हृदयाला मानवणारे करण्याच्या प्रयत्नांत करडईचे नाव जगभर घेतले जाते. त्यासाठी लागणारा गुणही भारतातून गेलेल्या बियाण्यातच सापडला होता.

साध्या करडई तेलात काय असते?

कोणतेही खाद्यतेल हे मेदाम्लांचे मिश्रण असते. करडईत प्रामुख्याने दोन मेदाम्ले असतात : लिनोलेइक आणि ओलेइक. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार साध्या करडई तेलात लिनोलेइक ६७.८ ते ८३.२ टक्के, तर ओलेइक ८.४ ते २१.३ टक्के असते. ‘उच्च-ओलेइक’ करडईत हे प्रमाण उलटे होते. तिथे ओलेइक ७० ते ८३.७ टक्के असते. ऑलिव्ह तेलाची ख्याती आहे ती याच मेदाम्लामुळे.

फरक आहे तो रेणूतल्या दुहेरी बंधांचा. ओलेइकमध्ये असा एक बंध असतो, लिनोलेइकमध्ये दोन. बंध वाढले की हवेतला प्राणवायू रेणूवर लवकर हल्ला करतो. त्यामुळे लिनोलेइकने भरलेले तेल कित्येक पट वेगाने खवट होते आणि कढईत तापवल्यावर लवकर बिघडते. उच्च-ओलेइक तेल बाटलीतही टिकते आणि तळणातही.

हा गुण सापडला कुठे?

भारतातून गेलेल्या करडईच्या एका वाणात वेगळ्याच घडणीचे तेल असल्याची नोंद १९५७ मध्ये संशोधकांनी केली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातले पॉल्डेन नोल्स यांनी हा गुण पिढ्यान् पिढ्या कसा उतरतो ते तपासले आणि तो मुख्यतः एकाच जनुकावर अवलंबून असल्याचे दाखवले. १९६० च्या दशकात त्यांनी ‘यूसी-१’ हा उच्च-ओलेइक वाण दिला. तिथून कॅलिफोर्नियात या तेलाचा स्वतंत्र व्यापार उभा राहिला. भारतात मात्र हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेचा ‘आयएसएफ-१’ हा उच्च-ओलेइक वाण यायला त्यानंतर अर्धे शतक लागले. या दिरंगाईला विज्ञानाची अडचण म्हणता येत नाही. आपल्याकडे तेलबियांचे संशोधन दीर्घकाळ उत्पादन, तेलाचा उतारा आणि रोग-कीड याच चौकटीत फिरत राहिले, तेलाच्या प्रतीला त्यात जागाच नव्हती.

जनुकात नेमके काय बदलले?

दाणा भरताना वनस्पती आधी ओलेइक आम्ल बनवते. मग ‘फॅड-२’ नावाचे विकर त्यात दुसरा दुहेरी बंध घालते आणि त्याचे लिनोलेइक होते. करडईत फॅड-२ कुटुंबातली तब्बल ११ जनुके आहेत. त्यांतले दाण्यात काम करणारे एक जनुक या वाणांत निकामी झालेले असते, तेही डीएनएतले एकच अक्षर गळाल्यामुळे. विकर बनत नाही, म्हणून ओलेइक तिथेच साठून राहते. पाने-मुळांतली इतर जनुके शाबूत असल्याने झाडाचे नुकसान होत नाही.

हा बदल निसर्गात आपोआप झालेला आहे. त्यामुळे नेहमीच्या संकरातून तो दुसऱ्या वाणात आणता येतो, जनुकीय अभियांत्रिकीची गरज पडत नाही. (ऑस्ट्रेलियात ९० टक्क्यांहून अधिक ओलेइक देणारी जनुक-परिवर्तित करडई २०१८ मध्ये मंजूर झाली, पण ती मुख्यतः औद्योगिक वापरासाठी आहे.) भुईमुगात हेच काम अधिक किचकट ठरते. तिथे दाण्यातल्या फॅड-२ जनुकाच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही निकामी व्हाव्या लागतात. तरीही २०२० मध्ये ‘गिरनार-४’ आणि ‘गिरनार-५’ हे सुमारे ७८ टक्के ओलेइक असलेले भुईमुगाचे भारतीय वाण आले.

हृदयासाठी खरेच चांगले?

इथे जाहिरात आणि विज्ञान यांत अंतर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये किमान ७० टक्के ओलेइक असलेल्या तेलांबाबत मर्यादित दाव्याला मुभा दिली : रोज सुमारे २० ग्रॅम तेलाने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. अट अशी, की हे तेल संपृक्त मेदाच्या जागी वापरावे आणि एकूण उष्मांक वाढू नयेत. पुरावा निर्णायक नाही, हेही त्यातच नमूद आहे.

म्हणजे तुपा-डालड्याच्या जागी हे तेल आले तर फायदा. साध्या करडई तेलाच्या जागी आले तर हृदयाच्या हिशेबात फार मोठी उडी नाही, कारण लिनोलेइकही रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करते आणि शरीराला ते आवश्यकच असते. खरा ठोस लाभ टिकाऊपणाचा आणि तळणाचा. ओमेगा-३ हवे असेल तर दोन्ही प्रकारची करडई निरुपयोगी, त्यासाठी जवसाकडेच जावे लागते.

शेतात अडते कुठे?

पहिली अडचण शेजारच्या शेताची. आंब्यावर दुसऱ्या जातीचे पराग पडले तरी गराची चव बदलत नाही, कारण गर आईच्या झाडाचा असतो. करडईचे तेल मात्र दाण्यातल्या गर्भात असते आणि गर्भात निम्मा वाटा परागाचा. उच्च-ओलेइकचा गुण अप्रभावी आहे. त्यामुळे मधमाशीने साध्या करडईचे पराग आणले, की तो दाणा त्याच हंगामात साध्याच्या जवळ जातो. करडई बहुतांशी स्वपरागित असली तरी मधमाश्यांना ती आवडते. म्हणून एकट्यादुकट्याने पेरून भागत नाही, शिवारच एका वाणाखाली यावे लागते.

दुसरी अडचण बाजाराची. दोन्ही प्रकारचे दाणे दिसायला सारखे. अडत्याकडे भाव ठरतो तो ओलावा आणि काडीकचरा बघून. ओलेइक मोजायला प्रयोगशाळा लागते. वेगळी खरेदी, वेगळी साठवण आणि वेगळे गाळप नसेल, तर चांगला माल साध्यात मिसळून जातो आणि शेतकऱ्याला त्या गुणाचा एक रुपयाही जास्त मिळत नाही. कंपनी किंवा उत्पादक गटाशी आधी दर ठरवलेला करार असल्याशिवाय हे बियाणे पेरण्यात आर्थिक अर्थ फारसा उरत नाही. शिवाय मावा आणि काढणीच्या वेळचे काटे या जुन्या तक्रारी आहेतच. बिनकाट्याचे वाण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पूर्वीच दिले आहेत.

ग्राहकाने कसे ओळखावे?

लाकडी घाण्याच्या बाटलीवर नुसते ‘करडई तेल’ लिहिलेले असेल तर ते बहुधा साधेच असते. पोषणतक्त्यात मोनोअनसॅच्युरेटेड मेद दर १०० ग्रॅमला ७० ग्रॅमच्या आसपास किंवा वर दिसला, तर तेल उच्च-ओलेइक समजावे. हाच आकडा पॉलिअनसॅच्युरेटेडसमोर असेल तर ते साधे. असे तेल छोट्या बाटलीत घ्यावे, उन्हापासून दूर ठेवावे आणि तळून उरलेले पुन्हा पुन्हा तापवू नये.