नांदेड ते आदमपूर : आकाशमार्गाचे गणित

परभणी जिल्ह्यास स्वतःचा विमानतळ नसल्याने येथील प्रवाशास शेजारच्या नांदेडचाच आश्रय घ्यावा लागतो. तेथून पंजाबातील जालंधरनजीकच्या आदमपूर या लहानशा विमानतळाचे अंतर नकाशावरूनही काढता येते : दोहोंच्या अक्षांशांत सुमारे सव्वाबारा अंशांचा फरक असून एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून पश्चिमेकडील अल्पसा कल जमेस धरता सरळ अंतर १,३७० किलोमीटरांच्या आसपास भरते. ताशी ८०० किलोमीटरांच्या वेगाने हे पावणेदोन तासांचे, परंतु आरोहण-अवरोहणातील मंदगती लक्षात घेता दोन तासांचे उड्डाण होय. विमान वाटेत कोठे थांबल्यास तो वेळ निराळा. मनमाडचा वळसा घेणारी सचखंड एक्सप्रेस मात्र परभणीकरांस त्यांच्याच स्थानकातून अमृतसरास नेते, आणि दीड दिवसाच्या आसपास चालणारा तो प्रवास सामान्य भाविकास अद्यापि अधिक सोयीचा आहे, असे माझे मत आहे.