घडीचा तंबू : एका घराचा नको, वस्तीचा हवा!

डिसेंबर उजाडला की विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून भीमअनुयायांचे जथे दादरकडे निघतात. ५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत शिवाजी पार्कचे मैदान भरून जाते. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हाही गिरणगावातल्या चाळी रस्त्यावर लोटल्या होत्या. ते नाते तुटलेले नाही. महापालिका मैदानात मांडव घालते, पाण्याची, फिरत्या शौचालयांची आणि दवाखान्याची सोय करते. गिरगावपासून लालबाग-परळ-नायगावपर्यंतचे कार्यकर्ते अन्नदान करतात. तरीही लाखोंच्या गर्दीत काही गरजा उरतातच. त्यांच्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून आज आम्ही लिहीत आहोत.

ती गरज मुख्यतः आपल्या माय-बहिणींची आहे. दोन दिवस रेल्वेने प्रवास करून आलेल्या बाईला पांढरे लुगडे नेसायचे असते. आडोसा कुठे? मग चार जणी चादर धरून उभ्या राहतात. तान्ह्या बाळाला पाजायचे, मासिक पाळीत कपडा बदलायचा, तर शौचालयाच्या रांगेत तासभर उभे राहायचे. मधुमेह-रक्तदाबाने थकलेल्या म्हाताऱ्यांना घटकाभर सावलीत आडवे व्हायला जागा मिळत नाही. श्रद्धेपोटी सगळे सोसतात. पण सोसतात म्हणून सोय करायची नाही, हा कुठला न्याय?

आता बाजारात घडीचे तंबू मिळतात. त्यांना पॉप-अप तंबू म्हणतात. पिशवीतून गोल चकती काढून मोकळी केली की आतल्या लवचिक पोलादी पट्ट्या उसळतात आणि क्षणात तंबू उभा राहतो. खांब नको, बांबू नको. दोन-तीन माणसांच्या तंबूचे वजन साधारण दोन ते चार किलो असते. लोकलमधून सहज नेता येतो. याचाच दुसरा प्रकार म्हणजे कपडे बदलायचा उभा तंबू. तो चार फूट लांब-रुंद आणि माणसाच्या डोक्याहून उंच असतो. आमच्या मते आपल्याला जास्त उपयोगी हाच आहे.

प्रत्येकाने एकेक आणावा काय?

नाही, आणि हे आम्ही स्पष्टच सांगतो. हिशेब करून पाहा. सात बाय सात फुटांच्या तंबूत चार माणसे झोपतात. दोऱ्या, दार आणि चालायची वाट धरली तर त्याला नऊ बाय नऊ फूट जागा लागते. तेवढ्याच जागेत सतरंजीवर सहा-सात माणसे आडवी होतात. शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे आहे आणि माणसे येतात लाखांनी. ज्याच्या खिशात पैसे, त्याने तंबू ठोकून जागा अडवावी आणि गावाकडच्या बांधवाने पदपथावर झोपावे, हे बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी शोभेल काय?

सावलीच्या जागेचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी मांडव घालायला सवर्णांनी जागा दिली नाही. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली, म्हणून परिषद झाली. तो मांडव सगळ्यांचा होता. आपला छोटा तंबूही तसाच असावा.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक विहाराने किंवा महिला मंडळाने वर्गणीतून दोन तंबू घ्यावेत. एक कपडे बदलण्यासाठी उभा आणि एक बाळंतिणी, आजारी व वृद्धांसाठी बैठा. ते अन्नदानाच्या किंवा पुस्तकांच्या स्टॉलला लागून, स्टॉलसाठी मिळालेल्या जागेतच उभारावेत. बाहेर ठळक अक्षरांत लिहावे : 'माता-भगिनींसाठी, कोणीही यावे.' दाराशी दोन भगिनींनी पाळीपाळीने बसावे. आत पाण्याची बाटली, चटई, सॅनिटरी पॅड आणि झाकणाची कचरापेटी असावी.

घेताना आणि वापरताना

कापड अपारदर्शक आहे ना, हे उजेडासमोर धरून पाहावे. रात्री आत दिवा लावला तर सावली बाहेर दिसते, म्हणून गडद रंगाचे कापड बरे. उन्हासाठी चंदेरी अस्तराचा तंबू चांगला. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या हव्यातच, नाहीतर भर दुपारी आत भट्टी होते.

मैदानात खुंट्या ठोकत बसू नये. समुद्राचा वारा सुटला की हलका तंबू उडतो, म्हणून चारी कोपऱ्यांत पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. दोऱ्यांना पांढरी चिंधी बांधावी, म्हणजे अंधारात कोणी अडखळणार नाही. दर्शनाच्या रांगेत, रुग्णवाहिकेच्या वाटेवर किंवा पदपथावर तंबू लावू नये. स्वयंसेवकांनी हलवा म्हटले की वाद न घालता हलवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आत मेणबत्ती, अगरबत्ती, डासांची कॉइल किंवा स्टोव्ह पेटवू नये. हे कापड पॉलिएस्टरचे असते. एक ठिणगी पडली तरी ते वितळून अंगाला चिकटते. अभिवादनाची मेणबत्ती बाहेरच लावावी आणि आत बॅटरी वापरावी.

पावसाचा भरवसा मात्र या तंबूवर ठेवू नये. २०१७ साली ओखी वादळामुळे ऐन ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस झाला, शिवाजी पार्कवर चिखल झाला आणि अनुयायांची सोय महापालिकेच्या शाळांत करावी लागली. अशा वेळी तंबूत बसून राहू नये, पक्क्या छपराखाली जावे.

घडी घालणे हीच खरी कसरत. तंबू सपाट करून पट्ट्या एकत्र धरायच्या, वरचे टोक खाली वाकवायचे आणि इंग्रजी आठासारखा पीळ देत कड्या एकमेकींवर आणायच्या. चाळीच्या गच्चीवर चार वेळा सराव केला की जमते. ओला तंबू गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते, म्हणून वाळवूनच ठेवावा.

६ डिसेंबर झाला म्हणून तंबूचे काम संपत नाही. १ जानेवारीला भीमा कोरेगावची थंडी, २० मार्चला महाडचे ऊन, १४ एप्रिलचा उन्हाळा आणि नागपूरची दीक्षाभूमी, सगळीकडे तो कामी येईल. उन्हाला तर कधीच हलके लेखू नये. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरील सरकारी सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे बळी गेले.

वर्षावासात ग्रंथवाचनाला विहारात सगळे जमतात. त्याच वेळी हा विषय काढावा. दर घरामागे थोडी वर्गणी काढली तर कोणाला जड जाणार नाही. दान म्हणजे केवळ जेवण नव्हे. थकल्या आईला दिलेला घटकाभराचा आडोसा हेही दानच आहे.

जय भीम!